नटी बदलली म्हणून सिनेमा वाईट का?



सुट्टीत आम्ही घरी टीव्हीवर 'द ममी'चे तिन्ही भाग हिंदी आवाजात बघितले. पहिला १९९९ चा, दुसरा २००१ चा, तिसरा २००८ चा. पहिल्या दोन भागांत एव्हलिनचे काम रेचल वाइझने केले आहे. तिसऱ्यात मारिया बेलो आहे. ती दिसताच आजी म्हणाली, "ही कोण आणली? आपली ती पोरगी कुठाय?" आणि उठून दळण निवडायला गेली. दादा म्हणाला, सिनेमाच बिघडला.

मला हे पटत नाही. एव्हलिनच्या मुलाचे, अलेक्सचे काम करणाराही बदलला. पण तो गोष्टीत मोठा झाला, म्हणून त्याला आमच्यात कोणी नावे ठेवली नाहीत. मग एव्हलिनलाच का? सिनेमाने लपवाछपवीही केलेली नाही. सुरुवातीलाच ती स्वतः लिहिलेले पुस्तक लोकांना वाचून दाखवते. पुस्तकातली बाई तुम्हीच का, असे विचारल्यावर सांगते, ती अगदी वेगळी बाई आहे! आम्ही खूप हसलो.

तिसरा भाग मला कमी आवडला, हे खरे. पण कारण दुसरे आहे. पहिले दोन भाग स्टीफन सॉमर्स यांनी लिहिले व दिग्दर्शित केले. तिसऱ्याचे दिग्दर्शक रॉब कोहेन. पहिल्या भागात एव्हलिन ग्रंथालयात काम करते. ती जुना ग्रंथ वाचते म्हणून तर ममी जागी होते. तिच्या वाचनावर गोष्ट चालते. तिसऱ्यात जास्त वेळ हाणामारीत जातो. तिथे रेचल असती तरी काय केले असते? मातीच्या सैनिकांची फौज मात्र झकास! तशी फौज चीनमध्ये खरोखर आहे. १९७४ साली शेतकऱ्यांना विहीर खणताना ती सापडली.

हे मी का लिहिते? गॅदरिंगच्या नाटकात माझी मैत्रीण हिरकणी होणार होती. दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. तिचे काम मला दिले. आठ दिवसांत मी सगळे पाठ केले. तरी तालीम बघितलेल्या बायका म्हणाल्या, "पहिली पोरगीच बरी होती." ते मला स्टेजवर ऐकू आले. मैत्रिणीचे काम चांगलेच होते. मलाही तिची आठवण येते. पण मी कडा कशी उतरले, ते तर बघा!

म्हणून माझे मत असे. आधी पूर्ण बघावे, मग चूक कोणाची ते ठरवावे. जुने माणूस आठवणे वेगळे आणि नव्याला नापास करणे वेगळे.

तुम्हांला काय वाटते? खाली कोरा कागद लावला आहे, त्यावर लिहा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी