जामीनदार की मालक?

२०२५ मध्ये आपल्याकडे नवरात्र चालू असताना ब्रिटनच्या सरकारने दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी देऊ केली. कर्ज घेणारी कंपनी जग्वार लँड रोव्हर. तिची मालकी तेव्हा टाटा मोटर्सकडे, म्हणजे मुंबईत होती. सायबर हल्ल्यामुळे सप्टेंबरभर तिचे कारखाने बंद होते. इंग्लंडचा करदाता मुंबईच्या मालकाला जामीन राहिला, हे वाचून कुणाच्या मिशीला पीळ पडला असेल तर नवल नाही. पण त्या करदात्याच्या जागी आपण असतो तर? अडचणीत आलेल्या मोटार कंपनीसाठी लोकांच्या पैशाला हात लावावा का?

या प्रश्नाची सर्वांत मोठी परीक्षा २००८ मध्ये अमेरिकेत झाली. नोव्हेंबरात जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लरचे प्रमुख २५ अब्ज डॉलर मागायला संसदीय समित्यांपुढे आले, तेही खासगी विमानांनी. सदस्यांनी त्यांची चांगलीच हजेरी घेतली. कंपन्यांना दिवाळखोरीत जाऊ द्या, त्यातूनच त्या सुधारतील, असे मिट रॉम्नी यांनी वर्तमानपत्रात लिहिले. डिसेंबरात सिनेटमध्ये मदतीचा प्रस्ताव अडला, तेव्हा अध्यक्ष बुश यांनी बँकांच्या बचावासाठी मंजूर झालेल्या निधीतून १७.४ अब्ज डॉलर देण्याचे जाहीर केले.

मदतीच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद फोर्डचा होता. फोर्डने २००६ मध्येच कारखान्यांपासून निळ्या बोधचिन्हापर्यंत सारे गहाण ठेवून पैसा उभारला होता, त्यामुळे तिला या निधीतून काही घ्यावे लागले नाही. तरीही प्रतिस्पर्ध्यांना वाचवा, असे तिचे प्रमुख सांगत होते. कारण तिघांना सुटे भाग पुरवणारे बरेचसे कारखानदार एकच होते. जनरल मोटर्सची उधारी बुडाली की ते बसणार आणि मग फोर्डचीही असेंब्ली लाइन थांबणार. पिंपरी, भोसरी, चाकणच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. मोठी कंपनी शिंकली की व्हेंडरला ताप येतो आणि त्याच्याकडून जॉबवर्क घेणाऱ्या चार-पाच माणसांच्या वर्कशॉपला थेट कुलूप लागते. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

अखेर रॉम्नी म्हणत होते ती दिवाळखोरी झालीच, पण सरकारी पैशावर. त्या महिन्यांत बँकाच धाप लागून बसल्या होत्या. एवढे कर्ज द्यायला दुसरे कोणी उरले नव्हते. ओबामा सरकारने जनरल मोटर्सचे प्रमुख रिक वॅगनर यांना पायउतार व्हायला लावले. १ जून २००९ रोजी कंपनी न्यायालयात गेली आणि चाळीस दिवसांत नव्या रूपात बाहेर आली. जुन्या भागधारकांचे शेअर मातीमोल झाले, पाँटिअॅक आणि सॅटर्न ही नावे बंद पडली, नव्या कंपनीत सरकारचा वाटा जवळपास ६१ टक्के ठरला. सरकारने ४९.५ अब्ज डॉलर घातले, डिसेंबर २०१३ मध्ये शेवटचा शेअर विकला आणि सुमारे ११ अब्जांचा तोटा सोसला. लाखो नोकऱ्या आणि सारी पुरवठासाखळी यांच्यापुढे ही किंमत आम्हाला जास्त वाटत नाही.

पण झळ एकट्या तिजोरीला बसली नाही. नव्या कामगाराला जुन्याच्या जवळपास निम्म्या मजुरीवर घेण्याची पद्धत २००७ च्या करारात आली होती; बचावाच्या काळात ती पक्की झाली आणि मोडायला २०२३ चा संप लागला. सुटे भाग बनवणाऱ्या डेल्फायच्या निवृत्त कामगारांपैकी युनियनवाल्यांचे पेन्शन जनरल मोटर्सने भरून दिले, युनियनबाहेरच्या सुमारे वीस हजारांचे कापले गेले.

आणि तळेगाव? जनरल मोटर्सने तिथला कारखाना सुरू केला तो सप्टेंबर २००८ मध्ये, म्हणजे ऐन संकटात. २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवली, २०२० च्या डिसेंबरात कारखाना बंद केला. जागा आता ह्युंदाईकडे आहे. जुने कामगार कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. अमेरिकेच्या करदात्याने अमेरिकेतल्या नोकऱ्या वाचवल्या, त्यात गैर काही नाही. मात्र वाचलेली कंपनी आपल्यालाही वाचवेल, या भरवशावर कुणी राहू नये.

नुसती मालकी घेऊन भागत नाही, हे ब्रिटनइतके कुणी अनुभवलेले नाही. जग्वार आणि लँड रोव्हर ही दोन्ही नावे ज्या ब्रिटिश लेलँडच्या छत्राखाली होती, ती कंपनी सरकारने १९७५ मध्ये ताब्यात घेतली. बाहेर कधी पडायचे हे ठरलेले नव्हते, म्हणून दहा-बारा वर्षे पैसा ओतला गेला. कंपनीचा उरलेला वारसा एमजी रोव्हर या नावाने २००५ मध्ये बुडाला. याउलट क्रायस्लरच्या दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला अमेरिकेने १९८० मध्ये हमी दिली, तेव्हा ठरल्या भावाने शेअर घेण्याचा हक्कही लिहून घेतला. १९८३ मध्ये कर्ज मुदतीआधीच फिटले, शेअर वधारले होते. तो हक्क सोडून द्या, अशी गळ ली आयकोका यांनी घातली. सरकार बधले नाही आणि तिजोरीत ३१ कोटी डॉलर आले.

महाराष्ट्राला हमी नवी नाही. सहकारी साखर कारखान्यांची थकहमी आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. देताना ती खर्चात दिसत नाही, म्हणून मंत्र्यांना प्रिय. कारखाना बुडाला की बँक कागद घेऊन मंत्रालयात येते. तोवर संचालक मंडळ बहुधा तेच असते, गाड्याही त्याच. ऊस घालून बिलाची वाट पाहणारा सभासद मात्र त्या हमीच्या कागदावर कुठेच नसतो.

म्हणून आमचे मत असे. बँकांनीच हात वर केले असतील आणि एका कंपनीमागे शेकडो छोटे कारखानदार बुडणार असतील, तर करदात्याने पैसे घालावेत; पण मालक म्हणून घालावेत, जामीनदार म्हणून नव्हे. आधी भागधारकाचा पैसा जावा, ज्यांनी गाडी खड्ड्यात घातली ते खुर्चीवरून जावेत, लोकांना शेअर मिळावेत आणि ते विकून बाहेर पडण्याची तारीख पहिल्याच दिवशी ठरावी. या कसोटीवर ब्रिटनची २०२५ ची हमी आम्हाला कच्ची वाटते. हल्ला हा कंपनीवर आलेला घाला होता, हे खरे. पण तिचा मालक धनवान आहे. निकड होती ती छोट्या पुरवठादारांना आणि पैसा थेट त्यांच्या हाती देता आला असता. आपल्यापैकी अनेकांकडे टाटा मोटर्सचे शेअर आहेत, त्यांना हे रुचणार नाही. हमीचा फायदा आपल्याला होतो तेव्हा ती सगळ्यांनाच न्याय्य वाटते.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी वह्या पूजतो, नव्या पानावर श्री लिहितो. सरकारच्या वहीत आपल्या नावाने कोणकोणत्या हम्या लिहिल्या आहेत, हे विचारायलाही हा मुहूर्त वाईट नाही. येत्या अधिवेशनात आपल्या आमदाराला एवढेच विचारा: हमी कुणाची, बदल्यात आमचा वाटा किती आणि सुटका कधी?



— संपादक