दुसरे चंचुपात्र कोठे आहे?



चष्म्याच्या दुकानात पाण्याने भरलेली एक लहानशी पेटी तुम्ही पाहिली असेल. बटन दाबले की ती बारीक आवाज करू लागते आणि आत ठेवलेल्या चष्म्याच्या खाचांतला मळ सुटतो. अशा पेट्या बहुधा पाण्याला सेकंदाला सुमारे ४० हजार कंपने देतात. ही कंपने आपल्या कानांना ऐकू येत नाहीत. हाच श्राव्यातीत ध्वनी.

याच पेटीत चंचुपात्र ठेवून त्यात पोटॅशियम आयोडाइडचे रंगहीन द्रावण घेतले, तर काही वेळाने त्यात थोडे आयोडीन मुक्त होते. स्टार्च घातला की निळी छटा येते. "ध्वनीने रासायनिक अभिक्रिया घडली!" असे म्हणून टाळ्या वाजवण्याचा मोह होतो. माझे म्हणणे एवढेच, की टाळ्यांपूर्वी विचारा: दुसरे चंचुपात्र कोठे आहे?

असे का? पेटी चालू असताना पाणी कोमट होते. शिवाय आयोडाइडचे द्रावण हवेने व उजेडाने आपोआपही हळूहळू पिवळे पडते. मग श्रेय ध्वनीचे, उष्णतेचे की हवेचे? तेच द्रावण, तेवढाच वेळ, तेवढ्याच तापमानाला, पण ध्वनीवाचून ठेवलेले दुसरे पात्र असल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. स्टार्चही दोन्ही पात्रे सारखी थंड झाल्यावरच घालावा, कारण गरम द्रावणात निळा रंग फिका पडतो.

तुम्ही म्हणाल, ध्वनी रेणू फोडतो हे पुस्तकात असेलच ना? जरा हिशेब करा. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. त्याला ४० हजारांनी भागा. तरंगलांबी येते पावणेचार सेंटिमीटर. एवढी लांब लाट एकेका रेणूला पकडून कशी फोडणार? खरे काम करतो तो बुडबुडा. लाटेमुळे पाण्यावरचा दाब कमी झाला की सूक्ष्म बुडबुडे फुगतात, आणि दाब वाढताच क्षणार्धात मिटतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. मिटताना आतला वायू इतका दाबला जातो, की तेथे क्षणभर सुमारे ५००० केल्विन तापमान होते. पाण्याची वाफ फुटून हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात आणि तीच आयोडाइडपासून आयोडीन मुक्त करतात. बाहेरचे पाणी मात्र कोमटच!

श्राव्यातीत ध्वनीचे रासायनिक परिणाम रिचर्ड्स आणि लूमिस यांनी अमेरिकेत १९२७ साली प्रसिद्ध केले. ते नुसत्या उष्णतेचे नाहीत याचा एक सुंदर पुरावा पुढे मिळाला. एरवी तापवले की अभिक्रियेचा वेग वाढतो. येथे मात्र पाणी तापवले की तो पुष्कळदा मंदावतो. कारण बुडबुड्यात अधिक वाफ शिरते आणि मिटण्याचा आघात उशीसारखा झेलते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. अनिरुद्ध पंडित व सहकाऱ्यांनी तर ध्वनीवाचून, अरुंद छिद्रातून पाणी वेगाने सोडून, घडणाऱ्या कॅव्हिटेशनचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. म्हणजे ध्वनी हे निमित्त, करणारा बुडबुडाच.

शिक्षकांना एक विनंती. आपल्या प्रयोगवहीत अनुमान आधी आणि निरीक्षण नंतर लिहिले जाते, हे आपण सारे जाणतो. हा प्रयोग आपल्या देखरेखीखाली करवून घ्या. चालू पेटीत कोणी हात घालू नये. पण गुण निळ्या रंगाला देऊ नका, दुसऱ्या पात्राला द्या. एखाद्या मुलाच्या दोन्ही पात्रांत सारखाच रंग आला आणि त्याने तसेच प्रामाणिकपणे लिहिले, तर त्याला पूर्ण गुण द्या. त्याचा प्रयोग फसलेला नाही; त्याला पुढचा प्रश्न सापडला आहे.