आधी निदान, मग निवाडा

घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी, असा आम्हां गोमंतकीय शिक्षकांचा दिनक्रम आहे. तीन भाषांत आमचा वावर असतो, परंतु संगणक बंद पडला म्हणजे तिन्ही भाषांत आमच्या मुखातून एकच उद्गार निघतो, "बिघडला!" काय बिघडले, कोठे बिघडले, केव्हापासून बिघडले, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. घरातील मूल तापाने फणफणले तर वैद्य प्रथम नाडी पाहतो, जीभ पाहतो, काल काय खाल्ले ते विचारतो. यंत्राच्या बाबतीत मात्र आम्ही नाडी न पाहताच मृत्यूचा दाखला लिहून मोकळे होतो. ही सवय केवळ संगणकापुरती राहत नाही, ती माणसांविषयीच्या आमच्या न्यायबुद्धीतही शिरते, असे आम्हांस अलीकडे एका अनुभवाने पटले. तो अनुभव आमच्या विद्यार्थी वाचकांपुढे ठेवावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

या वार्षिकाचे काही जुने अंक शाळेतच संगणकावर जुळविले गेले होते. त्या काळी युनिकोडचा प्रसार आपल्याकडे झालेला नव्हता. देवनागरी अक्षरांच्या आकृत्या रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेल्या असत आणि प्रत्येक उत्पादकाची बसवण निराळी. परिणामी, त्या सीडी आजच्या संगणकात घातल्या की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता खच पडतो. ज्या सॉफ्टवेअरमध्ये हे अंक तयार झाले, ते 'विंडोज एक्सपी' या जुन्या प्रणालीवरच चालते आणि त्याची कुलूपवजा डबी संगणकाच्या पाठीमागील जुन्या प्रिंटर-पोर्टमध्ये बसवावी लागते. ज्या यंत्रावर हे सारे होते, त्याची हार्ड डिस्क एका पावसाळ्यात निकामी झाली. शाळेच्या कपाटात छापील प्रतींपैकी काही वाळवीने खाल्लेल्या. म्हणजे आजच्या कित्येक पालकांनी आपल्या शाळकरी वयात लिहिलेले निबंध आणि कविता त्या सीडींत बंदिस्त होऊन पडल्या होत्या. प्रिंटर-पोर्ट असलेले दुसरे एक यंत्र अडगळीत होते. त्यावर एक्सपीची स्थापना करावी, असे आम्ही ठरविले. चवथीच्या सुटीनंतर एका शनिवारी दुपारी, दहावीतील एका मुलास मदतीस घेऊन आम्ही कामास लागलो. तासाभराचे काम, असा आमचा समज होता. त्याला तीन आठवडे लागले.

पहिलाच अडथळा असा की, स्थापनेच्या कार्यक्रमाने "या संगणकात हार्ड डिस्क आढळत नाही" असा निरोप दिला. आम्ही तत्काळ डिस्क मेली असे जाहीर केले. वस्तुतः तीच डिस्क यंत्राच्या बायोसमध्ये आपल्या नावानिशी व क्षमतेनिशी स्पष्ट दिसत होती. एकाच वेळी एकास ती दिसते आणि दुसऱ्यास दिसत नाही, तर दोष दिसणाऱ्या वस्तूत नसून पाहणाऱ्याच्या दृष्टीत असला पाहिजे, इतका साधा तर्क आम्हांस सुचला नाही. एक्सपी बाजारात आली ती २००१ साली. पुढे साटा जातीच्या डिस्का आल्या आणि त्यांच्याशी बोलण्याची 'एएचसीआय' ही नवी पद्धत रूढ झाली. एक्सपीच्या मूळ सीडीवर या पद्धतीचा ड्रायव्हर, म्हणजे दुभाषीच नाही. दुभाष्यावाचून समोरचा माणूस मुका वाटावा, तसा हा प्रकार.

यावर उपाय दोन. स्थापनेच्या आरंभी एफ-६ ही कळ दाबून ड्रायव्हर पुरवावा. परंतु एक्सपी तो फ्लॉपीवरूनच मागते आणि आमच्या यंत्रास फ्लॉपीचे तोंडच नव्हते. दुसरा उपाय बायोसमध्ये जाऊन एएचसीआयऐवजी जुनी 'आयडीई' पद्धत निवडावी. आम्ही तसे केले आणि 'मेलेली' डिस्क क्षणार्धात जिवंत झाली. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आम्ही वर्गात कितीदा समजावून सांगितली असेल! त्या दिवशी ती आमच्यावरच उलटली.

दुसरा अडथळा अधिक बोचरा ठरला आणि या लेखाचे खरे कारण तेच होय. फायली डिस्कवर उतरविल्या जात असता काम मध्येच थांबे आणि अमुक फाइल उतरविता येत नाही, असा संदेश येई. एंटर दाबला की पुन्हा प्रयत्न होई. कधी पुढे सरके, कधी अडून बसे. आदल्या दिवशी त्या मुलाने सीडी आपल्या सदऱ्याच्या टोकाने पुसली होती, हे आम्ही पाहिले होते. सीडी गोल गोल पुसू नये, मध्याकडून कडेकडे सरळ पुसावी, हे खरे आहे. पण आम्ही तेवढे सांगून थांबलो नाही. "तूच ओरखडे पाडलेस, शाळेची मूळ सीडी तू घालविलीस," असे इतर मुलांच्या देखत त्यास बोललो. मुलगा काही बोलला नाही. दोन दिवस तो संगणकाच्या खोलीकडे फिरकलाही नाही.

तिसऱ्या दिवशी तो आला, तो हातात एक वही घेऊन. काम ज्या ज्या वेळी अडले, त्या त्या वेळी पडद्यावर आलेले फाइलचे नाव त्याने पहिल्या दिवसापासून टिपून ठेवले होते. "सर, नाव दर खेपेस वेगळे आहे," एवढेच तो म्हणाला. वाचकहो, या एका वाक्यात जे निदान होते ते आमच्या साऱ्या वक्तृत्वात नव्हते. ओरखडा सीडीवर एका ठिकाणी असतो. तो अडवील तर बहुधा दर वेळी त्याच फाइलीस अडवील. नावे बदलत असतील, तर दोष जागा धरून बसलेला नाही. सीडीवरून आलेली माहिती जिच्यातून डिस्ककडे जाते त्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये तो असण्याचा संभव अधिक.

मग आम्ही मेमटेस्ट हा स्मृती तपासणारा कार्यक्रम रात्रभर चालविला. सकाळी पडदा चुकांच्या लाल ओळींनी भरलेला होता. यंत्रात रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एकेक पट्टी एकटी ठेवून पाहिली. एकीत चुका, दुसरीत एकही नाही. खाच सदोष असेल या शंकेने पट्ट्यांच्या जागा बदलून पाहिल्या. चुका खाचेबरोबर न राहता पट्टीबरोबर गेल्या. आता संशयास जागा उरली नाही. ती पट्टी काढून टाकली आणि त्याच सीडीवरून, मुलाने 'घालविलेल्या' त्याच सीडीवरून, एक्सपी विनातक्रार उतरली. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचे पाप आमच्या हातून घडले होते. ज्या मुलांसमक्ष आम्ही त्यास बोललो, त्यांच्याच समक्ष आम्ही त्याची क्षमा मागितली. शिक्षकाने विद्यार्थ्याची क्षमा मागणे काहींना रुचले नाही, हे आम्ही जाणतो. परंतु दोष जाहीरपणे लादावा आणि तो खोटा ठरल्यावर कानात कुजबुजून मागे घ्यावा, हा न्याय नव्हे.

तिसरी अडचण लहान, पण मौजेची. दुसऱ्या सकाळी यंत्र सुरू केले तो निळा पडदा आणि त्यावर '७बी' हा अंक मिरविणारी चूक; प्रणालीस डिस्क पुन्हा दिसेना. या वेळी मात्र आम्ही निवाडा केला नाही, वही उघडली. घड्याळाकडे पाहिले तो ते कित्येक वर्षे मागे गेलेले. हाच धागा. मदरबोर्डवरील नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल संपला होता. वीज बंद होताच यंत्र आमची आयडीईची निवड विसरून एएचसीआयवर परतले होते. नवा सेल घातला, निवड पुन्हा केली, रोग बरा झाला. पहिल्या दिवशी हीच घटना घडती, तर आम्ही यंत्र भंगारात दिले असते.

जुनी प्रणाली आणि नवे यंत्र यांचे हे वैर नवे नाही. विंडोज ९५ ही प्रणाली एएमडीच्या ३५० मेगाहर्ट्झ व त्याहून वेगवान के-६-२ प्रोसेसरवर सुरू होतानाच कोलमडे. कारण काय? प्रणाली एक ठराविक आवर्तन करून त्यास किती काळ लागला ते मोजी व त्या काळाने भागाकार करी. प्रोसेसर इतका चपळ की मोजलेला काळ शून्य भरे; आणि शून्याने भागू नये हे तर आमचा आठवीचा विद्यार्थीही जाणतो. तसेच, एक्सपीच्या पहिल्या आवृत्तीस १३७ गिगाबाइटपलीकडील डिस्क ओळखता येत नसे, कारण डिस्कवरील खणांचा पत्ता ती २८ द्विअंकांत लिही. २ चा २८ वा घात करून त्यास ५१२ ने गुणावे, म्हणजे ही संख्या कोणासही काढता येईल. यंत्राच्या लहरी म्हणून ज्यांस आपण नावे ठेवतो, त्यांच्या मुळाशी बहुधा असा एखादा स्वच्छ हिशेब असतो.

यावर कोणी म्हणतील, "मास्तर, या जुन्या खोडांसाठी तीन आठवडे कशाला? नवे यंत्र घ्या." या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. जुने ते सारेच सोने, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. एक्सपीस मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ पासून आधार देणे थांबविले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या उपद्रवी कार्यक्रमाने जगभर हाहाकार माजविला, तेव्हा तिच्यासाठी अपवाद म्हणून एक दुरुस्ती काढावी लागली. अशी प्रणाली आंतरजालास जोडणे म्हणजे दार उघडे टाकून झोपणे होय. आमचे यंत्र कोणत्याही जालास जोडलेले नाही आणि जोडले जाणारही नाही. परंतु जे काम नव्या यंत्रावर होतच नाही, त्यासाठी जुने जपणे यात हट्ट नाही, गरज आहे. आणि हा प्रश्न येथेच संपत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० सारख्या सोयी लागतात आणि पुष्कळ धडधाकट यंत्रांत त्या नाहीत. अशा प्रत्येक यंत्रावर "बिघडला" ही चिठ्ठी चिकटविण्यापूर्वी शाळांनी विचार करावयास नको काय? खरोखर निकामी झालेले भागही कचऱ्यात न फेकता, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे दिले पाहिजेत.

आमचे मत थोडक्यात असे. आपल्या शाळांतून संगणक 'वापरावयास' शिकविला जातो, 'समजून घ्यावयास' नाही. मुले सुबक अक्षरे टंकतात, रंगीत चित्रपट्ट्या करतात. पण पेटीचे झाकण उघडलेले त्यांनी पाहिलेले नसते. वर्षातून एकदा तरी टाकाऊ यंत्र मुलांपुढे उघडावे, तेही प्लग काढून आणि वीजपुरवठ्याची बंद पेटी मुळीच न उघडता. प्रत्येक संगणकाशेजारी एक निदानवही असावी. काही करण्यापूर्वी माहितीची प्रत काढावी. एका वेळी एकच बदल करावा; दोन केले तर कोणत्याने गुण आला ते कळत नाही. पडद्यावरील निरोप अक्षरशः लिहून घ्यावा. आणि कोणाचाही दोष, मग तो यंत्राचा असो वा माणसाचा, पुराव्यावाचून उच्चारू नये. यासाठी पैसा लागत नाही. धीर लागतो, आणि तो आमच्यापाशीही कमीच होता.

त्या सीडींतील बहुतेक अंक आता उघडले आहेत. ते युनिकोडमध्ये आणून, मुले आणि शिक्षक मिळून शुद्ध करीत आहेत. परवा एक पालक आपल्या मुलीस शाळेत पोचवावयास आले असता, त्यांनी नववीत लिहिलेला निबंध आम्ही त्यांस वाचावयास दिला. ते कितीतरी वेळ पडद्यापुढे उभे होते. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हीसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ चुकत होता!"

ती निदानवही आम्ही संगणकाच्या खोलीत टांगून ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या मुलाच्या हस्ताक्षरातील फायलींची नावे आहेत, एकाखाली एक, सगळी वेगळी. विद्यार्थी मित्रहो, घाईने निवाडा करण्याचा मोह झाला तर ते पान एकदा पाहून जा. आम्ही रोज पाहतो.