फी भरून मिळणारं फुकट

वार्षिक फी असलेलं भारी क्रेडिट कार्ड घ्यावं का, असं कुणाला विचारलं की एक ठरलेलं उत्तर येतं: "अरे, फी तर पॉइंटमधूनच वसूल होते!" हे वाक्य मी लग्नात ऐकलंय, ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकलंय आणि एकदा तर चक्क तेराव्याच्या जेवणात ऐकलंय. (सांगणारा नात्यातलाच आहे आणि हे वाचणारही आहे. राग नसावा. :) )

माझ्याकडेही गेली दोन वर्षं असं एक कार्ड आहे. बँकेचं नाव सांगत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळ्यांचं गणित सारखंच असतं. पुढच्या महिन्यात त्याची फी पडणार आहे. शिवाय पुतण्याला नोकरी लागून वर्ष झालं नाही तोच त्यालाही तसल्याच कार्डासाठी फोन आलाय आणि वहिनींच्या मते ही घराण्याच्या प्रगतीची खूण आहे. म्हणून म्हटलं, एकदा वही घेऊन बसूया.

फी १०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. ही पहिली गंमत. सांगताना सगळे दहा हजार सांगतात, खात्यातून जातात पावणेबारा हजारांच्या वर. माझा कार्डावरचा खर्च महिन्याला साधारण ३०,००० रुपये. यात फक्त पॉइंट मिळणारा खर्च धरलाय. घरभाडं, पेट्रोल, वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांवर बऱ्याच कार्डांवर काही मिळत नाही किंवा अगदी कमी मिळतं. दर १५० रुपयांना ५ पॉइंट, म्हणजे वर्षाच्या ३,६०,००० रुपयांवर १२,००० पॉइंट. एक पॉइंट म्हणजे एक रुपया धरला तर झाले १२,००० रुपये. फी वसूल, वर २०० रुपयांचा नफा! तेराव्याच्या जेवणातलं गणित इथेच संपलं होतं.

पण ते इथे संपत नाही. माझ्याकडे दुसरं एक बिनफीचं साधं कार्ड आहे. ते एक टक्का परत देतं. तोच खर्च त्यावर केला असता तर ३,६०० रुपये एक पैसाही न भरता मिळालेच असते. म्हणजे ११,८०० भरून मी वरचे फक्त ८,४०० मिळवले. शुद्ध मराठीत सांगायचं तर ३,४०० चा खड्डा.

आता तो एक पॉइंट म्हणजे एक रुपया कधी, तर बँकेच्याच साइटवरून विमानाचं तिकीट किंवा हॉटेल घेतलं तर. तिथे तिकिटाचा भाव बाहेरच्यापेक्षा चढा असेल तर रुपयाचे नव्वद पैसे झालेच म्हणून समजा. आणि "मला कुठे जायचं नाही, बिलातून वळते करा" म्हटलं तर माझ्या कार्डावर पॉइंटला ३० पैसे. १२,००० गुणिले ३० पैसे म्हणजे ३,६००. म्हणजे बिनफीच्या कार्डावर जे मिळालं असतं तेच, अगदी रुपयाला रुपया, आणि फी गेली ती गेलीच.

"आणि लाउंज?" हा पुढचा प्रश्न येणारच. लाउंजची किंमत माहितीपत्रक सांगेल ती धरायची नाही. कार्ड नसतं तर आपण खिशातून किती दिले असते, तेवढीच धरायची. मी विमानतळावर चहा आणि इडलीला फार तर ४०० रुपये मोजले असते. वर्षातून चार फेऱ्या, १,६०० रुपये. खड्डा अजून १,८०० चा राहिलाच. त्यात २०२३-२४ पासून बऱ्याच बँकांनी बऱ्याच कार्डांवर "आधीच्या तिमाहीत अमुक खर्च केला असेल तरच लाउंज" अशी अट घातली आहे आणि लाउंजबाहेरची रांग पाहिली की एसटी स्टँडवर गणपतीची गर्दी लोटल्यासारखं वाटतं.

बरं, हे आकडे तरी जागेवर राहतात का? ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्यात १ लाख खर्च केला की २५,००० पॉइंट मिळत. लोक खूश होते. १ सप्टेंबर २०२३ पासून ती सोय बंद झाली आणि फी १०,००० ची १२,५०० झाली. अमेरिकेतल्या भाच्याचं कार्ड चेसचं सफायर रिझर्व्ह. २०१६ ला निघालं तेव्हा फी ४५० डॉलर, २०२० मध्ये ५५०, २०२५ मध्ये ७९५. बदल्यात सवलती वाढल्या म्हणतात, पण त्या इतक्या तुकड्यांत आहेत की भाचा महिन्याच्या शेवटी कुठली सवलत वाया जातेय ते शोधत बसतो. पॉइंट म्हणजे रुपया नव्हे, हे लक्षात ठेवावं. नोट सरकारची, पॉइंट बँकेचा. त्याचा भाव बँक ठरवणार आणि बदलणारही तीच.

मग लोक फी का भरतात? मला वाटतं, बरेच जण मानासाठी भरतात. अमेरिकन एक्स्प्रेसने १९५८ मध्ये कार्ड काढलं तेव्हा वार्षिक फी ६ डॉलर ठेवली. डायनर्स क्लबची ५ होती. एक डॉलर जास्त ठेवला तो मुद्दाम, आपलं कार्ड वरच्या दर्जाचं वाटावं म्हणून! पुतण्याला फोनवर पहिली गोष्ट काय सांगितली, तर कार्ड धातूचं आहे. त्याने ते टेबलावर टाकलं की टण्ण आवाज येईल, हे मान्य. मानालाही किंमत असते, मी नाही म्हणत नाही. लग्नात आपण आहेर करतोच की. पण मग त्याला आहेर म्हणावं, बचत म्हणू नये.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. प्रेलेक आणि सिमेस्टर या एमआयटीच्या दोन प्राध्यापकांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली, काहींना रोखीने, काहींना कार्डाने. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाली. त्यात "इतका खर्च केलात तर फी माफ" हे आमिष जोडा. मार्च महिन्यात माफीला ४०,००० कमी पडतायत म्हणून टीव्ही घेणारा गृहस्थ मी पाहिलाय. जुना टीव्ही उत्तम चालत होता.

आणि हे पॉइंट येतात कुठून? काही भाग दुकानदाराकडून. कार्ड काढलं की आमचा वाणी म्हणतो, "साहेब, दोन टक्के वर लागतील, त्यापेक्षा यूपीआय करा." तो निदान तोंडावर सांगतो, बाकीचे किमतीत धरतात, म्हणजे रोख देणाराही ते भरतो. काही भाग येतो बिल पूर्ण न भरणाऱ्यांकडून. व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर्षाला ४२. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला रद्द केला. ५०,००० रुपये थकले तर महिन्याचं व्याज १,७५०, त्यावर जीएसटी ३१५, एकूण २,०६५. सहा महिन्यांत माझ्या वर्षभराच्या पॉइंटांपेक्षा जास्त! पुतण्याची मला काळजी वाटते ती फीची नाही, याची. पहिल्या नोकरीत खोलीचं डिपॉझिट, गावी पैसे, मित्राचं लग्न असं सगळं एकाच महिन्यात येतं आणि बिलावर "किमान देय रक्कम" ठळक अक्षरांत छापलेली असते.

असं कार्ड कुणालाच परवडत नाही असं मात्र नाही. माझी मावसबहीण वर्षातून दोनदा मुलीकडे सिंगापूरला जाते. परदेशी खर्चावर साध्या कार्डावर साधारण साडेतीन टक्के वर लागतात, तिच्या कार्डावर दोन. तीन लाखांवर ४,५०० इथेच वाचले. पॉइंटांची तिकिटं ती खरंच काढते, बिल दर महिन्याला पूर्ण भरते. तिने फी खुशाल भरावी.

माझ्यापुरता हिशोब असा: वरच्या दराने पॉइंट वापरले, तरी बिनफीच्या कार्डापेक्षा सरस ठरायला पॉइंट मिळणारा खर्च वर्षाला पाच लाखांच्या पुढे हवा, म्हणजे महिन्याला ४२,००० च्या वर, आणि तोही मुळात होणारच असलेला. माझा नाही. तेव्हा उरलेल्या पॉइंटांतून आईबाबांची नागपूरची तिकिटं काढतो आणि फी पडायच्या आत कार्ड बंद करतो. पुतण्याला सांगितलंय, वर्षभर बिनफीचं वापर, बाराच्या बारा बिलं पूर्ण भर, मग बोलू. वहिनी अजून नाराज आहेत. तुमचं गणित वेगळं येत असेल तर आकड्यांसकट कळवा, नुसतं "वसूल होते" चालणार नाही. :)