भीती नव्हे, हिशेब


‘ग्रामीण खातेदार मोबाइल बँकिंगला घाबरतो, त्याला शिकवा’ हे बँकांच्या मेळाव्यांतले नेहमीचे पालुपद. नांदेड-लातुरात फिरल्यावर ते पटत नाही. लातूरच्या गंजगोलाईत भाजीच्या गाड्यावर क्यूआर कोड असतो, नांदेडच्या वजिराबादेत चहाचे पैसेही फोनवरूनच दिले जातात. मात्र सोयाबीनच्या पट्टीचे पैसे ज्या खात्यात येतात, ते खाते फोनला जोडायला तोच माणूस राजी नसतो. माझ्या ओळखीच्या कित्येकांनी फोनसाठी वेगळे खाते काढले आहे आणि त्यात ते हजार-दोन हजारच ठेवतात. याला अडाणीपणा म्हणू नये. गेलेच तर किती जातील, याचा हा चोख हिशेब आहे.

तो उगाच नाही. जानेवारी 2021 मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेचेच 14 कोटींहून अधिक रुपये चोरट्यांनी ऑनलाइन वळवले. मग साध्या खातेदाराने कशाच्या भरवशावर राहावे? व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसान’च्या नावाने बनावट एपीके फायली येतात, त्यातले अ‍ॅप इन्स्टॉल केले की फोन चोराच्या ताब्यात जाऊ शकतो. बायकांची अडचण वेगळीच. ‘लाडकी बहीण’चे दीड हजार तिच्या नावावर, पण ओटीपी अनेकदा नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या मोबाइलवर.

रिझर्व्ह बँकेचे नियम खातेदाराच्या बाजूचे आहेत. 2017 च्या नियमानुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा फसवणुकीची तक्रार तीन कामकाजी दिवसांत केली, तर ग्राहकावर भार पडत नाही. चूक ग्राहकाचीच होती, हे बँकेने सिद्ध करायचे असते. 2019 च्या नियमानुसार यूपीआयने पाठवलेले पैसे खात्यातून कापले गेले, पण समोरच्याच्या खात्यात पोहोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत. उशीर झाल्यास रोज 100 रुपये भरपाई. माझे पैसे अडकले तेव्हा मात्र शाखेत ‘टोल फ्रीला फोन करा’ एवढेच उत्तर मिळाले. तो फोन मराठीत कोणी घेतला नाही.

लोक अ‍ॅप किती सोपे आहे ते बघत नाहीत. पैसे गेल्यावर कोणाच्या टेबलासमोर उभे राहायचे, ते बघतात. म्हणून दोन्ही जिल्ह्यांच्या अग्रणी बँकांना विनंती आहे: मेळावे थोडे कमी घ्या, प्रत्येक शाखेत हे नियम आणि सायबर फसवणुकीसाठीचा 1930 हा मदत क्रमांक मराठीत ठळक लावा, आणि तक्रार लिहून घेऊन पोच देणारा एक माणूस बसवा.

– एक खातेदार, लातूर