आठ आठवड्यांचे संख्याशास्त्र

बीड जिल्ह्याची ओळख बाहेरच्यांना बहुधा दोन आकड्यांनी होते. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या. त्याआधी, 2001 मध्ये, हा आकडा 894 होता. दुसरा आकडा ऊसतोड महिलांचा. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली 2019 मध्ये नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या आकड्यांवर मुंबई-दिल्लीत बातम्या झाल्या, विधिमंडळात चर्चा झाली. ज्या जिल्ह्याचे हे आकडे, तिथल्या पदवीच्या मुलामुलींना ते उलटेसुलटे करून तपासता यायला हवेत. त्यासाठी संख्याशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम पुरतो, आणि तो उन्हाळ्याच्या सुट्टीतही शिकवता येईल.

तशी सोय नियमांत आहे. नव्या शैक्षणिक धोरणाला धरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये पदवीचा जो आराखडा दिला, त्यात आठ आठवड्यांच्या उन्हाळी सत्राची तरतूद आहे. इंटर्नशिपसाठी तर ते आहेच, पण नेहमीचे विषयही या काळात जलदगतीने शिकवता येतील, असे आराखडा म्हणतो. बीडसारख्या जिल्ह्यात याला वेगळा अर्थ आहे. दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात आणि गाळप संपले की मार्च-एप्रिलात माणसे परततात. मधल्या काळात कॉलेजात नाव असलेला मुलगा कधी फडावर असतो, तर कधी घरी धाकट्या भावंडांना आणि म्हाताऱ्या आजीला सांभाळत असतो. त्याची हजेरी हिवाळ्यात बुडते. उन्हाळ्यात तो गावात असतो.

पण घाईचे गणित आधी मांडलेले बरे. व्याख्यानाचे एक क्रेडिट म्हणजे 15 तास. चार क्रेडिटचा विषय 60 तासांचा. पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला चार तास पुरतात. आठ आठवड्यांत साडेसात तास लागतात, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस रोज दीड तास. मे महिन्यात घरच्या लग्नासाठी तीन दिवस गेले (आणि मे महिन्यात लग्न नाही असे घर दाखवावे!) की साडेचार तास बुडाले, म्हणजे नेहमीच्या सत्रातल्या एका आठवड्याहून थोडे अधिक. आणि दुपारी पारा चाळिशीच्या वर असताना प्रमाण विचलन कुणाच्या डोक्यात शिरणार? तास सकाळी सातलाच घ्यावा लागेल.

तासांची बेरीज कशीही जुळवता येईल; खरी अडचण मेंदूची आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस याने 1885 मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरे तो पाठ करायचा आणि किती विसरलो ते मोजायचा. एका बैठकीत 68 वेळा घोकून जे साधले, ते तीन दिवसांत विभागून केलेल्या 38 उजळण्यांत साधले, असे त्याला आढळले. मधे अंतर ठेवून केलेला अभ्यास अधिक टिकतो, हा निष्कर्ष पुढच्या शंभराहून अधिक वर्षांत पुन्हा पुन्हा पडताळला गेला आहे. उन्हाळी सत्रात नेमके हे मधले अंतरच कापले जाते. सोमवारी सरासरी, मंगळवारी विचलन, बुधवारी संभाव्यता असा घोडा दामटला, तर परीक्षेत गुण पडतील आणि पोळ्यापर्यंत सारे पुसले जाईल. म्हणून तेच प्रकरण वेग वाढवून शिकवण्यात अर्थ नाही. अभ्यासक्रमच कापायला हवा.

काय कापायचे? वर्गीकृत आकड्यांची भलीमोठी सारणी हाताने सोडवणे आधी जावे. ते काम मोबाइलवरची स्प्रेडशीट सेकंदात करते. सहसंबंधाचे सूत्र सिद्ध करणे, कोष्टकांत बोट फिरवत किंमती शोधणे, हेही नंतर शिकता येईल. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या 2016 च्या मार्गदर्शक अहवालानेही पहिल्या अभ्यासक्रमात सूत्रांपेक्षा संकल्पनांवर आणि खऱ्या माहितीवर भर द्यायला सांगितले आहे. खऱ्या माहितीचा दुष्काळ बीडला कधीच नव्हता.

गर्भाशयाचाच आकडा घ्या. 82,309 मध्ये 13,861, म्हणजे जवळजवळ 17 टक्के. सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2015-16 च्या फेरीत देशातला आकडा 3.2 टक्के होता. पाचपटीहून अधिक, अशी बातमी लगेच होते. विद्यार्थ्याने इथे थांबून विचारायला शिकावे, की दोन्हीकडे भागिले कोण आहे? राष्ट्रीय पाहणीत 15 ते 49 वयाच्या सगळ्या स्त्रिया धरल्या आहेत, त्यात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीही आल्या. बीडच्या पाहणीत ऊसतोडीला जाणाऱ्या महिला आहेत. वय जसे वाढते तसे या शस्त्रक्रियेचे प्रमाण वाढतेच, तेव्हा पस्तिशीच्या बाईची तुलना पस्तिशीच्याच बाईशी व्हायला हवी. अशी तुलना केली की 'पाचपट' बदलू शकेल, कमी होईल किंवा एखाद्या वयोगटात वाढेलही. या काटेकोरपणाने त्या 13,861 जणींचे दुःख हलके होत नाही. उलट, 'तुमची तुलनाच चुकीची' असे म्हणून प्रश्न उडवून लावणाऱ्याला जागा राहत नाही.

पुढचा प्रश्न कारणाचा. कॅन्सरची भीती घालून शस्त्रक्रिया केल्याच्या तक्रारी त्या वेळी झाल्या. 'गाठ आहे, कॅन्सर होईल' असे कुणी सांगितले, तर 'अशा शंभर बायांत किती जणींना होतो?' हा प्रश्न विचारता येणे हे औषधाइतकेच मोलाचे आहे. पोराने कॉलेजात शिकलेला हा एक प्रश्न आईबरोबर दवाखान्यात गेल्यावर उपयोगी पडेल. खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट नंतर जिल्ह्यात आली. अशी अट आल्यावर आकडा घटला तर ती घट खरी, की शस्त्रक्रिया शेजारच्या जिल्ह्यात गेल्या? हा प्रश्नही याच अभ्यासक्रमातला.

योगायोग मात्र हाताने शिकावा लागतो. समजा एका लहान गावात वर्षभरात 18 बाळे जन्मली, 12 मुलगे आणि 6 मुली. हजाराला पाचशे! गावाचे नाव लगेच काळ्या यादीत. आता साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला एक नाणे 18 वेळा उडवायला लावावे. सुमारे सात जणांच्या नाण्याचा छापा 12 किंवा त्याहून जास्त वेळा पडेल. कुणी काही गैर केलेले नसताना! म्हणजे एका गावाच्या एका वर्षावरून कुणाला धारेवर धरता येत नाही. पण जिल्ह्याचा 807 हा आकडा तीन लाखांहून अधिक मुलांवरून निघाला आहे. तिथे नाण्याची सबब चालत नाही. गर्भलिंग तपासणीकडेच बोट जाते. लहान आणि मोठ्या संख्येतला हा फरक ज्याला अर्ध्या तासात नाणे उडवून कळला, त्याला सूत्र नंतर शिकवले तरी चालेल.

सरासरीबद्दल बीडकरांना फार सांगावे लागणार नाही. पावसाने सरासरी गाठली तरी तो चार दिवसांत कोसळून गेला की विहीर कोरडीच, हे शेतकऱ्याला पाठ आहे. याच सरासरीवरून मराठी मातीत एक मोठा शास्त्रीय वाद झाला आहे. साताऱ्याच्या बुध गावी 1911 मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक झाले. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये रोजच्या 2250 उष्मांकांची रेषा धरून भारतातल्या गरिबीचा अंदाज मांडला. सुखात्म्यांचा आक्षेप असा, की माणसाची गरज माणसागणिक बदलते आणि एकाच माणसाचीही दिवसागणिक बदलते. सरासरीची रेषा ओढून तिच्याखालच्या सगळ्यांना उपाशी ठरवता येत नाही. त्यांचे म्हणणे सगळ्यांना पटले नाही, आणि उपासमार कमी लेखली जाईल ही टीकाकारांची भीतीही खोटी नव्हती. पण रोज फडावर मोळ्या वाहणाऱ्या बाईला किती उष्मांक लागतात, यावर वर्गात तासभर वाद घातला तर विचलन म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

परीक्षाही तशीच असावी. वर्तमानपत्रातली आकड्यांची एक बातमी द्यावी आणि विचारावे, हिच्यात काय सांगितलेले नाही?

आता शिकवणाऱ्याचे काय? उन्हाळी सत्रात कोणते विषय ठेवायचे ते शिक्षक आणि विद्यार्थी किती आहेत हे पाहून संस्थेने ठरवावे, असे आराखडा सांगतो. राज्यातल्या कॉलेजांत बरेच विषय तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक सांभाळतात. त्यांना घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात, आणि सुट्टीत तास नसतात. त्या 60 तासांचे मानधन कोण देणार, हे विद्यापीठाच्या परिपत्रकात आधी यायला हवे. सकाळी सातचे वेळापत्रक नंतरही लावता येईल.