शाळेचा रेडिओ आणि भाड्याचें घर

२३ जुलै १९२७ रोजीं मुंबईंत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र उघडलें, तेव्हां रेडिओ चालविणें म्हणजे मोठीं यंत्रें, सरकारी परवाना व विपुल द्रव्य यांचें काम होतें. आज इंटरनेटच्या योगानें एक संगणक व एक मायक्रोफोन इतक्या भांडवलावर शाळेचा आवाज दूरच्या गांवीं पोंचवितां येतो. आपल्या शाळेचाही असा रेडिओ असावा, असें आम्हां विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस वाटतें. परंतु तो कोणत्या स्ट्रीमिंग-सेवेवर चालवावा हा प्रश्न निघाला कीं, चर्चा 'स्वस्त कोणती' व 'देखणी कोणती' येवढ्यावरच थांबते. आमच्या मतें पहिले प्रश्न निराळे आहेत.

पहिला प्रश्न श्रोत्याचा. आमचे श्रोते कोण? ज्या घरांत एकच मोबाइल आहे व डेटा जपून वापरावा लागतो, तेथील आई, आजोबा, धाकटीं भावंडें. सेकंदास १२८ किलोबिट या वेगानें तासभर ऐकल्यास सुमारें ५८ मेगाबाइट डेटा खर्ची पडतो. ६४ किलोबिटनें त्याच्या निम्मा. संगीतांत हा फरक कानास जाणवेल. पण भाषण, गोष्ट वा संवाद कमी वेगानेंही स्पष्ट ऐकूं येतो. म्हणून जी सेवा कमी वेगाचा प्रवाह देते व निराळें ॲप न घेतां साध्या दुव्यावरून ऐकूं देते, तीच आमच्या कामाची. ऐकण्यापूर्वीं मुलांचें नांव व फोन-नंबर मागणारी, किंवा कार्यक्रमाच्या मध्यें वाटेल ती जाहिरात घुसविणारी सेवा फुकट असली तरी महागच म्हटली पाहिजे.

दुसरा प्रश्न स्वातंत्र्याचा. अमेरिकेंत लाइव्ह३६५ या सेवेवर हजारों छोटीं रेडिओ-केंद्रें चालत असत. छोट्या केंद्रांसाठीं गीतांच्या मानधनाचे जे सवलतीचे दर होते, त्यांची मुदत २०१५ च्या अखेरीस संपली. पैसे पुरविणारेही मागें सरले, आणि जानेवारी २०१६ च्या शेवटीं ती सेवा बंद पडली. पुढें २०१७ मध्यें नव्या मालकाच्या हातीं ती पुन्हा सुरू झाली खरी. पण मधल्या काळांत ज्यांचें सर्वस्व तेथेंच होतें, त्यांचें काय? भाड्याच्या घरांत राहण्यांत कमीपणा नाहीं. मात्र दागिन्यांची पेटी घरमालकाच्या हवालीं करूं नये.

कोणी म्हणतील, मग स्वतःचाच सर्व्हर उभारावा. आइसकास्ट हें सॉफ्टवेअर मोफत व खुलें आहे, आणि त्यावर कोणासही केंद्र चालवितां येतें. हा मार्ग आम्हांस प्रिय आहे. तथापि सर्व्हरचें भाडें चुकत नाहीं, आणि रात्रीं-अपरात्रीं बिघाड झाल्यास तो दुरुस्त करणारा जाणता मनुष्यही हवा. दहावीचा विद्यार्थी आज तें काम करील, पण उद्यां तो शाळा सोडून जाईल. म्हणून आरंभीं सेवा भाड्यानें घेण्यास आमची हरकत नाहीं. मात्र अटी तीन असाव्यात: रेडिओचा इंटरनेटवरील पत्ता शाळेच्या स्वतःच्या नांवें असावा; प्रत्येक कार्यक्रमाची एक प्रत शाळेच्या कपाटांत राहावी; आणि करार महिन्या-महिन्याचा असावा. या तीन गोष्टी हातीं असल्या म्हणजे सेवा बदलली तरी श्रोत्यास त्याची वार्ताही लागणार नाहीं.

वाचकहो, यंत्रें जुनीं होतील, कंपन्या येतील व जातील. परंतु एखाद्या मुलीनें आपल्या आजीकडून ऐकून सांगितलेली जात्यावरची ओवी एकदां हरवली, तर ती कोणत्याही बाजारांत विकत मिळणार नाहीं. पालकांनीं व गुरुजनांनीं सेवेची निवड करतांना दरपत्रकाआधीं या ठेव्याचा विचार करावा, येवढीच आमची विनंती आहे.